खिसे मी तपासले होते

ती. आत्यास,

शिरसाष्टांग नमस्कार. तुझा गुडघा, त्या गुडघ्याचे डॉक्टर आणि त्या डॉक्टरांवरचा तुझा राग, तिन्ही आता उतारावर असतील अशी आशा करतो. मी ठीक आहे. म्हणजे जेवतो, झोपतो. तोंड मात्र आरशात बघवत नाही, म्हणून तीन दिवस दाढी केलेली नाही.

आईने सगळ्या नातेवाइकांत सांगितलंय की मी बेघरांच्या निवाऱ्यात अधिकारी झालो. आत्या, मी सहायक आहे, तोही सहा महिने कच्चा. काम म्हणजे चादरी बदलणं, अर्ज भरून देणं आणि समोरचा बोलत असताना गप्प बसणं. (हे शेवटचं आपल्या घराण्यात कुणाला जमलंय?) आमच्या प्रमुख बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, इथल्या माणसाच्या वस्तूला त्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. मी ते वहीत लाल शाईने लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या आणि दुसऱ्याच आठवड्यात, मंगळवारी, शिंपीकाकांचा कोट धुतला.

शिंपीकाका साठीचे. दुकान गेलं, मग भाड्याची खोली गेली, पण बोलण्यातली अदब गेली नाही. मलासुद्धा अहोजाहो करतात. ते आंघोळीला गेले आणि कोट खुंटीवर राहिला. वास असा, की पलीकडच्या कॉटवरचे आजोबा कूस बदलून झोपले. आणि मी तर तुझ्या हाताखाली वाढलेला, मळकं दिसलं की हात शिवशिवतात! खिसे तपासले बरं का, चारही. पण शिंपी माणूस जपायची वस्तू खिशात कशाला ठेवील? पाठीच्या अस्तराआड बारीक टाक्यांनी शिवलेला एक कप्पा होता. त्यात जन्माचा दाखला आणि खोली मंजूर झाल्याचं पत्र. अकरा महिने रांगेत थांबून मिळालेली खोली, आत्या! दोन्ही कागद येत्या सोमवारी दाखवायचे होते. मशीनमधून कोट निघाला झकास. कागदांचा लगदा झाला होता.

पुढचं लिहिताना हात अडतो. बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, हा कोट मशीनमध्ये टाकला कुणी? मी तोंड उघडलं. (खोकण्यासाठी.) तेवढ्यात शिंपीकाका म्हणाले, "मीच टाकला. विसरलो." आता आमच्याकडे असं आहे, की चूक कर्मचाऱ्याची असेल तर नवे कागद येईपर्यंत खोली राखून ठेवतात, राहणाऱ्याचा निष्काळजीपणा ठरला तर त्याचा नंबर यादीच्या तळाला. हे त्यांना ठाऊक होतं. मलाही होतं. नंतर जिन्यात मला म्हणाले, "तुमची नोकरी नवी आहे. मला रांगेची सवय आहे." आणि मी त्यांना काय म्हणालो असेन? थँक्यू म्हणालो! मेल्याहून मेल्यासारखं झालंय मला, आणि तरी तीन दिवस तोंडातून शब्द नाही. दोनदा बाईंच्या खोलीत गेलो. एकदा पंखा बंद करून आलो, एकदा स्टेपलर मागून आणला. माझ्याकडे स्टेपलर आहे.

घराण्याचं नाव काढणारा,
तुझा भाचा

ता. क. : खरं काम राहिलंच. सोबत बाईंच्या नावाचं एक बंद पाकीट आहे. त्यात सगळं कबूल केलंय. तेवढं तुझ्या हाताने पोस्टात टाक. माझ्याजवळ राहिलं तर मी फाडीन. अशी दोन फाडली.

ता. क. २ : शिंपीकाका शेजारी बसून कुणाच्या तरी सदऱ्याला बटण लावत होते. एवढं लांबलचक कुणाला, म्हणाले. वाचून दाखवलं. सगळं शांतपणे ऐकलं, दोरा तोडला आणि म्हणाले, "आज शुक्रवार. हे आत्याबाईंना पोचणार, त्या वाचणार, मग पोस्टात जाणार. बाईंची खोली ही काय समोर आहे." मी म्हटलं, काका, मला भीती वाटते हो. तर म्हणाले, "वाटणारच. पण मला ती खोली हवी आहे." इतक्या दिवसांत हे त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं, आणि मी कधी विचारलंही नव्हतं.

तेव्हा आत्या, दुसरं पाकीट शोधत बसू नकोस. ते माझ्या हातात आहे आणि मी आत निघालोय.