आईच्या हातांची परीक्षा

आई,

काल दुपारी दोन बायका आल्या होत्या, संधिवाताच्या रुग्णांसाठी काम करणाऱ्या कुठल्याशा संस्थेच्या. पिंपळे गुरवात आता इतक्या इमारती झाल्या आहेत की तुला इथे वाट सापडणार नाही, पण त्यांना माझं दार बरोबर सापडलं. एकीने आधी माझ्या बोटांकडे पाहिलं, मग तोंडाकडे, आणि छापील कागद पुढे केला. बरणीचं झाकण उघडता येतं का? केस विंचरता येतात का? प्रत्येक प्रश्नापुढे हो आणि नाहीच्या चौकटी. मी म्हटलं, "हो लिहिलं तर काय होतं आणि नाही लिहिलं तर काय होतं, ते आधी सांगा." ती म्हणाली, "मॅडम, तसं काही नाही हो, नुसती माहिती आहे." नुसती माहिती कोणी कोणाकडे मागत नाही, एवढं मी कंपनीच्या कचेरीत टाइपरायटरपुढे जन्म काढून शिकले आहे. मी त्यांना पाणी दिलं आणि वाटेला लावलं. त्या गेल्या, पण तेव्हापासून तू डोक्यातून हलायला तयार नाहीस.

तुझ्या वेळी आलेल्या लोकांबद्दल मी गेली पन्नास वर्षं जिथे संधी मिळेल तिथे वाईट बोलत आले आहे. चिंचवड तेव्हा गाव होतं. पिंपरीला औषधांचा कारखाना नुकता उभा राहत होता आणि त्याच्याबद्दल कोण काय बोलेल याला धरबंध नव्हता. बाबा खडकीला फिटर होते. त्यांच्या साहेबाच्या बायकोने शब्द टाकला म्हणून मला पुण्याच्या कॉन्व्हेंटात जागा मिळाली होती, आणि मी बारा वर्षांची, स्वतःला घरातली सर्वांत शहाणी समजत होते. तू जेमतेम तिशीतली. सकाळी तुझी मूठ मिटायची नाही. हंड्यातलं ऊन पाणी परातीत ओतून तू त्यात दोन्ही हात बुडवून बसायचीस, आणि बोटं थोडी सैलावली की मगच पिठाला हात लावायचीस. भाकरी बोटांनी थापता येईना म्हणून तू ती तळहाताच्या मनगटाकडच्या उंचवट्याने दाबून मोठी करायचीस. तिला काठ नसायचा, आकार नसायचा. आत्या ती उचलून उजेडात धरायची आणि म्हणायची, "वहिनी, ह्यो कंचा देश काढलाय ग नकाशात?" तू हसायचीस. मला आत्याचा राग यायचा, आणि खरं सांगायचं तर भाकरीचाही यायचा.

मग एका गुरुवारी गावच्या शाळेच्या ओसरीसमोर मोटार येऊन उभी राहिली. आमच्या कॉन्व्हेंटला गुरुवारची सुट्टी असायची, म्हणून मी घरी होते. पुण्याहून आलेल्या बाई उंच, चष्मा लावणाऱ्या, मराठी तोडकंमोडकं बोलणाऱ्या. सांधे धरलेल्या माणसांसाठी त्यांची संस्था होती. पातळ केलेल्या मेणात हात बुडवून शेक द्यायचा, बोटं वाकडी होऊ नयेत म्हणून लाकडी पट्ट्या बांधायच्या, व्यायाम शिकवायचे, जाड मुठीची उलथनी आणि झारे करून द्यायचे, असं त्यांचं काम. फुकट. हा शब्द ऐकला आणि अख्ख्या आळीच्या भुवया वर गेल्या. आत्या म्हणाली, "फुकाट कोन काय देतं का? तिकडं पिंपरीला औषिदाचा कारखाना झालाय, औषिद आधी कुनावर बघायचं, तर आमच्यावर. आज मेनात हात घालाया लावत्याल, उद्या रगत काढून नेत्याल." मीही मान डोलावली. ज्या बाई स्वतःच्या मोटारीतून धूळ खात आमच्यासारख्यांकडे येतात त्यांना काहीतरी हवंच असणार, हे मला तेव्हाही पटत होतं आणि आजही पटतं. तू एकटीच म्हणालीस, "न्हेऊ दे की रगत. बोटं तर हालत्याल."

मोजक्याच बायका घ्यायच्या होत्या, म्हणून पुढच्या गुरुवारी चाचणी होणार होती. काय करायचं ते आधी कळावं म्हणून ओसरीवर टेबल मांडून त्यावर वस्तू ठेवल्या होत्या त्या मी जाऊन पाहून आले. पाण्याने भरलेला तांब्या उचलायचा, ओला पंचा पिळायचा, नाडीची गाठ मारायची, काडेपेटीची काडी ओढायची, पिठाचा गोळा मळायचा. मी घरी येऊन तुला सांगितलं, "आई, परीक्षा आहे." आणि परीक्षा या विषयात आपल्या घरात माझ्याहून मोठं कोण होतं? पहिला नंबर कसा काढायचा हे मला ठाऊक होतं. आठवडाभर मी तुझा अभ्यास घेतला. माझ्या परकराची नाडी तुझ्यापुढे धरून "पुन्हा बांध," म्हणायची. काड्या ओढताना तुझं बोट दोनदा भाजलं. एकदा तू पंचा खाली टाकलास आणि म्हणालीस, "न्हाई जमायचं बाळ, सांगू दे मला बाईला, न्हाई जमत म्हनून." मी कॉन्व्हेंटातल्या सिस्टरच्या आवाजात तुला दटावलं होतं, "परीक्षेत येत नाही असं म्हणायचं नसतं."

त्या गुरुवारी तू सकाळपासून तीनदा पाणी तापवलंस. हात शेकून, त्यावर ऊन फडकी गुंडाळून, पदराखाली लपवून तू ओसरीपर्यंत चालत आलीस. मी दुभाषी म्हणून टेबलाजवळ उभी होते. तुझ्या आधी शेजारच्या काकू होत्या. त्यांनी तांब्याला हात लावला, "आई गं" म्हणाल्या आणि खाली बसून रडायलाच लागल्या. मला त्यांची कीव आली, नापास झाल्या म्हणून. मग तू आलीस. तांब्या उचललास. पंचा पिळलास, शेवटचा थेंब पडेपर्यंत. गाठ मारलीस, काडी पेटवलीस, पीठ मळलंस. तुझ्या वरच्या ओठावर घाम होता आणि चेहरा हसरा होता. बाई म्हणाल्या, "शाब्बास! फार छान." तू माझ्याकडे पाहिलंस. आपण दोघी जिंकलो होतो.

पुढच्या गुरुवारी यादी वाचली. काकूंचं नाव होतं. तुझं नव्हतं. घरी आल्यावर तू विचारलंस, "मला किती मार्क पडलं?" मी म्हटलं, "पैकीच्या पैकी." मग तू म्हणालीस, "मग का न्हेलं न्हाई?" याचं उत्तर आत्याकडे तयार होतं. "काकू पाटलाच्या नात्यातली हाय. वशिला लावला आसंल. तुज्यामागं कोन हाय, म्या?" मला हेच उत्तर पटलं. परीक्षेत पहिल्या आलेल्याला बाहेर ठेवतात, याचा दुसरा काय अर्थ असणार? त्या चाचणीनंतर तुझी मनगटं सुजली आणि महिनाभर तुला माझी वेणी घालता आली नाही. मी वाकड्या भांगाने शाळेत जाऊ लागले आणि एका दुपारी वहीचं पान फाडून संस्थेला इंग्रजीतून पत्र लिहिलं. आयुष्यातलं पहिलं. अन्याय, पक्षपात, लाज वाटायला हवी, असे सगळे मोठे शब्द त्यात होते.

पत्र वाचून त्या बाई आपल्या घरी आल्या. एकट्याच. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. संस्थेला शिव्या घालताना ही एवढी गोष्ट मी दरवेळी गाळते. दारात मोटार पाहून तू इतकी गडबडलीस की पाट मांडलास आणि सरळ चुलीकडे गेलीस. आत्या उठली तर तिला म्हणालीस, "बसा तुमी. पाव्हनी माझ्या हाताकडं बघाया आली, तर माझ्याच हातचा चहा पेल." भरलेलं पातेलं तू पदराने धरून उतरवलंस. कपबशी बाईंच्या हातात दिलीस तेव्हा बशी वाजलीसुद्धा नाही. बाई चहा प्यायल्या, तुझ्या हातांकडे बघत राहिल्या, मग मला अंगणात घेऊन आल्या.

त्यांनी मला समोर उभं केलं आणि इंग्रजीत नीट समजावून सांगितलं. "ज्यांना काहीच जमत नाही त्यांना आधी घ्यावं लागतं, जागा थोड्या आहेत, तुझ्या आईला सगळं जमलं म्हणून तिचं नाव मागे ठेवलं." मग त्यांनी पिशवीतून फोटो काढले. निवडलेल्या बायकांचे नुसते हात होते त्यात, काकूंचेही होते, वाकडे, गाठी आलेले. पुण्यात सभेत ते लावायचे होते, लोकांनी मदत करावी म्हणून. त्या सभेला येणाऱ्यांत आमच्या वर्गातल्या मुलींच्या आया होत्या, हे बाईंच्या बोलण्यावरून मला कळलं. बाई म्हणाल्या, "मला एक जागा करता येईल. पण खरं सांग. तुझी आई हे सगळं रोज करू शकते का?"

आई, मला तेव्हा सगळं कळलं होतं. काकू नापास झाल्या नव्हत्या आणि तू पास झाली नव्हतीस, हेही कळलं, ते कोणी केलं तेही कळलं. परात, फडकी, भाजलेलं बोट, सगळं माझ्या जिभेवर होतं, आणि इंग्रजीही उत्तम होतं. पण मला तुझ्या हातांचा फोटो भिंतीवर दिसत होता आणि त्याच्यासमोर त्या मुलींच्या आया. मी म्हटलं, "येस, मॅडम. रोज."

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून मोटारीत बसल्या. पुढे चार-पाच वर्षांत तुझी बोटं आत वळून तशीच राहिली, आणि घास मी भरवायचे तेव्हाही तू आत्याला सांगायचीस की आमच्यामागं वशिला न्हवता. मी ते कधी खोडून काढलं नाही. आजही हे कुणाला वाचून दाखवणार नाही.

मोटार गेल्यावर तू दाराशी आलीस, दोन्ही हात काखेत दाबलेले, दुखत होते म्हणून. विचारलंस, "काय म्हनल्या गं बाई?" मी सांगितलं, "तुझा चहा आवडला म्हणाल्या." तू दिवसभर खूश होतीस. चहाबद्दल त्या काही बोलल्याच नव्हत्या.