तपासणी : यशोधरा साळवे

केडगाव,
नोव्हेंबर १९९९

प्रिय सचिन,

फोनवर तुझ्याशी भांडायला गेलं की तू हसतोस, आणि तू हसलास की माझा राग पातळ होतो, हे तुलाही पक्कं ठाऊक आहे. शिवाय एसटीडी बूथवरचा गोरक्षनाथ मीटर सोडून माझ्या बोलण्याकडेच कान लावून बसतो. म्हणून या वेळी पत्र. यात तुला मधे बोलता येणार नाही आणि मला विरघळता येणार नाही. चहा घेऊन बस आणि शेवटपर्यंत वाच.

काल काष्टीच्या वाचनालयाचे सूर्यभान आले होते. भरउन्हात एसटीने आले, पण पाणीसुद्धा घेईनात. पिशवीतून आपल्या ‘ग्रंथखूण’ प्रोग्रामची पुस्तिका काढली, नवी आवृत्ती कशी टाकावी ते पान उघडून माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, “ताई, ह्यात लिवलंय तसंच केलं. काय बी हिकडचं तिकडं केलं न्हाई. पुस्तकांची समदी यादी गेली बघा.” अख्खा उन्हाळा घालवून त्यांनी आणि बायडाबाईंनी ती यादी भरली होती. बायको कपाटातून एकेक पुस्तक काढून नाव वाचायची आणि नवरा एका बोटाने टाईप करायचा. मी विचारलं, आधी फ्लॉपीवर बॅकअप नाही का घेतला? त्यांनी पुस्तिका माझ्याकडे सरकवली. “कुटं लिवलंय, दावा.” कुठेच लिहिलेलं नव्हतं. मग त्यांनी पानाच्या तळाशी बोट ठेवलं, जिथे ‘तपासणी : यशोधरा साळवे’ असं छापलंय. म्हणाले, “तुमचं नाव हाय, म्हून डोळं झाकून इस्वास ठेवला.” ते रागावले नव्हते रे. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. ते गेल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन रडले आणि आज सकाळी तोंड धुऊन हे पत्र लिहायला बसले.

तुला सुरुवात आठवते का? वाचनालयांसाठी तू ग्रंथखूण हा प्रोग्राम लिहिलास आणि सोर्स कोडसकट कुणालाही फुकट देऊन टाकलास, तेव्हा तुझे पुण्यातले मित्र तुला वेड्यात काढत होते. पुस्तिका मात्र आपण एकट्यादुकट्याने लिहायची नाही, वापरणाऱ्यांनीच लिहायची, असं तू म्हणालास आणि आलेली पानं तपासायचं काम माझ्या गळ्यात मारलंस. मग पानं येऊ लागली. थोडी ई-मेलने, बहुतेक पोस्टाने. श्रीगोंद्याच्या एका मास्तरांनी तर बारशाच्या आमंत्रणाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून पाठवलं होतं, आणि काय सुरेख लिहिलं होतं! आमची पद्धत तू पाहिलीच आहेस. मी पान मोठ्याने वाचायचं आणि प्रज्ञाने कीबोर्डवर फक्त वाचलं तेवढंच करायचं, स्वतःची अक्कल वापरायची नाही. माझ्या बहिणीला हे काम भारी आवडतं. म्हणते, अक्कल न वापरल्याबद्दल शाबासकी मिळण्याची या घरातली ही एवढीच जागा आहे. पान अडलं की ते परत पाठवायचं, पण नुसतं नाही. का अडलं ते लिहायचं आणि पानातलं चांगलं काय तेही लिहायचं. मेहनत करून लिहिणाऱ्याचा तेवढा मान ठेवलाच पाहिजे.

आणि पहिलं परत गेलेलं पान कुणाचं होतं? तुझंच. तू तणतणत पुण्याहून आलास, म्हणालास, माझ्यासमोर करून दाखवा. मी वाचलं, “नेहमीप्रमाणे फाईल उघडा,” आणि प्रज्ञा हात मांडीवर ठेवून बसून राहिली. म्हणाली, नेहमी म्हणजे कधी, मी तर आजच बसलेय. तू कीबोर्डकडे झेपावलास तेव्हा मी तुझा हात धरला. पहिल्यांदा धरला तो असा, अडवायला. तू आधी लाल झालास आणि मग इतका हसलास की आई पोह्यांचा चमचा हातात घेऊन बाहेर आली. जाताना दारात तू म्हणालास, “यशोधरा नाही म्हणाली की ते पान जाणार नाही. माझं असलं तरी.” कुणाला कुणाचं काय आवडावं याला काही शास्त्र नाही. मला ते वाक्य आवडलं. पुढचं सगळं त्या वाक्यावर उभं आहे.

आता आप्पासाहेबांचं पान, म्हणजे सूर्यभानांनी उघडून दाखवलं तेच. ते वाईट माणूस नाहीत. या वयात संगणक शिकले, त्यांची संस्था खेड्यातल्या वाचनालयांना संगणक देणार आहे, आणि पानाची भाषाही छान होती. पण प्रज्ञाने त्याबरहुकूम केलं आणि आमच्या चाचणीच्या यादीतली सगळी पुस्तकं साफ झाली. आधी बॅकअप घ्या, ही एक ओळ त्यात नव्हती. मी अदबीने कारण लिहून पान परत पाठवलं. त्यांना ते लागलं, त्यांनी तुला फोन केला, आणि तू ते जसंच्या तसं छापलंस. माझं नाव खाली घालून छापलंस. मला कळलं ते पुस्तिका हातात आल्यावर. मी फोन केला तर तू म्हणालास, “अगं, एका ओळीचा तर प्रश्न. असली पानं वाचतं कोण?” सूर्यभान वाचतात, सचिन. पुस्तिका मांडीवर घेऊन, ओळीवर बोट ठेवून वाचतात. आणि फोन ठेवता ठेवता तू आणखी एक म्हणालास, “लग्नानंतरही मला असंच अडवणार आहेस का?” तेव्हा मीही तुझ्याबरोबर हसले. त्या हसण्याची मला आज लाज वाटते आहे.

तेव्हा ऐक. ते पान काढायचं. ज्या ज्या वाचनालयात पुस्तिका गेली तिथे तुझ्या सहीची चिठ्ठी जाईल : ‘तपासणीत अडलेलं हे पान मी तरीही छापलं, चूक माझी आहे.’ आप्पासाहेबांकडे मी स्वतः जाईन. ती एक ओळ घातली तर त्यांचं पान मी आनंदाने घेईन, त्यांचं नाव ठळक छापीन. संगणक मिळाले तर उत्तम, नाही मिळाले तर नाही. आणि येत्या रविवारी मी आणि प्रज्ञा काष्टीला जातोय. बायडाबाई पुन्हा नावं वाचतील, आम्ही भरू.

आता हे पत्र का लिहिलं ते. दादांनी काल संध्याकाळी आपल्या लग्नपत्रिकेचा मजकूर माझ्यासमोर ठेवला. म्हणाले, “तुजंच काम हाय हे पोरी, बग काय चुकलंमाकलं आसंल तर. उद्या छापखान्यात देतो.” चुकलेलं काही नाही. तुझं नाव बरोबर आहे, माझं नाव बरोबर आहे. तरीही मी तो पुढे दिलेला नाही. मी नाही म्हटलेलं असताना तू माझं नाव एकदा छापलं आहेस, आणि मला तू हवा आहेस म्हणूनच ते दुसऱ्यांदा घडू द्यायचं नाही. रविवारी मी मजकूर पर्समध्ये घालून काष्टीला नेणार आहे. तू आलास, सूर्यभानांसमोर बसलास आणि चार पुस्तकं तुझ्या हाताने भरलीस, की संध्याकाळी आपण दोघं मिळूनच तो छापखान्यात देऊ. नाही आलास, तर सोमवारी तो तुझ्या पत्त्यावर परत येईल. नेहमीसारखाच, चांगलं काय होतं ते आणि का अडला ते लिहून.

अजून तरी तुझीच,
यशोधरा