दप्तराला येणाऱ्या केकच्या वासाबद्दल

प्रति,
मा. मुख्याध्यापिका,
मुलींची शाळा

विषय : माझ्या मुलीने बिस्किटे चोरली नव्हती, हे भर वर्गात सांगण्याबाबत.
संदर्भ : वर्गशिक्षिकांनी मुलीच्या डायरीत मारलेला शेरा, "खाऊ लपवून आणते, विचारल्यास खोटे बोलते."

महोदया,

१. मी घरी मेणबत्त्या ओतते. मेणात घालायला सुगंधी तेलं लागतात: व्हॅनिला केक, करपलेली साखर, लोणी-बिस्किट. नावं खाण्याची असली तरी तो नुसता वास आहे. थेंब जिभेवर पडला तर थुंकावं लागतं. घर एका खोलीचं, त्यामुळे मेणाचं पातेलं आणि मुलीचं दप्तर शेजारी-शेजारी.

२. गेल्या महिन्यात वर्गातल्या एका मुलीचा बिस्किटांचा डबा हरवला. बाईंनी सगळ्यांची दप्तरं हुंगली आणि माझ्या मुलीचं टेबलावर पालथं केलं. पुस्तकं निघाली, कंपासपेटी निघाली, बिस्किटाचा चुरासुद्धा निघाला नाही. "मग वास काय आभाळातून येतो? खाऊन मोकळी झालीस वाटतं!" असं बाई म्हणाल्या. वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी डबा शाळेच्या व्हॅनमध्ये सीटखाली सापडला आणि गुपचूप आपल्या घरी गेला. माझ्या मुलीचं नाव 'बेकरी' पडलं ते पडलंच.

३. मी बाईंना भेटले. त्या म्हणाल्या, "अहो, मनावर काय घेताय? पोरी चिडवतातच. नाहीतर तो धंदा बंद करा ना." बंद करून खायचं काय, वास? क्षमा असावी, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

४. मुलीने अंग घासून घासून लाल केलं. गणवेश सोड्यात उकळला. तरी "येतोच" म्हणते. आता ती माझ्या बहिणीकडे राहते. मी आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून भेटायला जाते. पण रोज तेच हुंगून माझं नाक मेलंय, मला माझाच वास कळत नाही. दारातूनच बहिणीला विचारते, "येतो का गं?" ती लेकीकडे बघते नि म्हणते, "थोडा." परवा लेक म्हणाली, "आई, आत नको येऊस. चादरीला लागतो." चिडून म्हणाली असती तर मीही चार शब्द सुनावले असते. हळूच म्हणाली.

५. सबब विनंती अशी की, बाईंनी ज्या आवाजात आळ घेतला त्याच आवाजात, त्याच वर्गात तो मागे घ्यावा. सोबतची बाटली उघडून पोरींना वास घेऊ द्यावा. आणि बाईंचं नाक चोर पकडण्याइतकं तिखट आहेच, तर बहिणीकडे जाण्याआधी मला त्यांच्यासमोर उभं राहू द्यावं. "तुझ्या आईला वास येत नाही" एवढं त्यांनी मुलीला सांगावं. येत असला तरी सांगावं. मी सांगून ती ऐकत नाही. बाईंचं मात्र ती अजूनही सगळं खरं मानते.

आपली, अजून तरी नम्र,
मेणबत्तीवाली
(पाचवीतल्या 'बेकरी'ची आई)

दिनांक : शनिवार, शाळा सुटण्याआधी

सोबत : लोणी-बिस्किट तेलाची लहान बाटली. कृपया कुणी चाखू नये.