दोरीवरचे कपडे

२ एप्रिल, सोनिवली
आलो एकदाचा बदलापुरात. वर्तमानपत्राने उल्हासनगरापासून बदलापूरपर्यंतचं साम्राज्य माझ्या हवाली केलंय. पगार मात्र मांडलिकाचा. खोली झकास आहे. चहूकडून टॉवर उठताहेत आणि मधे हे एकच बैठं घर हट्टाने बसून आहे. पुढच्या खोलीत मालक, मागच्या खोलीत मी, माझ्या दाराशी फरसबंद अंगण आणि कपड्यांची दोरी.

मालक दिनानाथराव नौदलातले, बोटीच्या बॉयलर-रूममधून निवृत्त. मूलबाळ नाही. पत्नी उमाबाई गेल्या दिवाळीत वारल्या. आल्या आल्या दिनानाथरावांनी चहा दिला आणि मला ‘पत्रकारमहाराज’ ही पदवीही दिली. मी त्यांना कप्तान म्हटलं. ते म्हणाले, कप्तान वर वारा खातो हो, आम्ही खाली वाफ खायचो. एवढं बोलून धापेने थांबले. मीही थांबलो. कुणाबरोबर बसून चहा पिऊन मला बरीच वर्षं झाली असावीत. साखर फार होती. बोललो नाही.

५ एप्रिल
सकाळी शर्ट धुऊन दोरीवर टाकले आणि पालेगावच्या पाण्याची बातमी आणायला गेलो. बातमी आली, पाणी नाही. परतलो तर शर्ट कडक घडी होऊन खाटेवर, कॉलरवर कॉलर. भांड्याला येणाऱ्या कौसाबाईंचे आभार मानले. त्या म्हणाल्या, नाय बा भाऊ, मी नाय हात लावला. धुण्याचं ठरलंच कुठं आपलं? दिनानाथरावांचे हात तर खांद्याच्या वर जात नाहीत.

आईनंतर माझ्या शर्टाची घडी कुणी घातली नव्हती. मिळालेल्या सुखाचा पंचनामा कशाला करा?

९ एप्रिल
सुटी. भर दुपारी अंगणात आवाज. फट्. फट्. कुणीतरी कपडे झटकत होतं, अगदी मनापासून. दार उघडलं तर कुणी नाही. वारा नाही, तरी माझा एक शर्ट हलत होता आणि फरशीवर पांढरे तंतू पडले होते. सावरीचा कापूस, असं ठरवून आत आलो. संध्याकाळी कौसाबाई म्हणाल्या, कुठली सावर भाऊ? ती टॉवरवाल्यांनी कवाच तोडली.

१२ एप्रिल
दिनानाथरावांना उल्हासनगरला छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. सिंधी गृहस्थ, मिश्कील. एक्स-रे उजेडात धरून म्हणाले, काका, ही बिडी नाही साईं, ही बोट आहे. मग गंभीर होऊन समजावलं. त्या काळी जगभर सगळ्याच बोटींवर वाफेच्या नळ्यांना अ‍ॅस्बेस्टॉस गुंडाळलेलं असे. त्याचे तंतू एकदा छातीत शिरले की तीस-चाळीस वर्षं गप्प बसतात.

वीस तारखेला वैद्यकीय मंडळापुढे जायचंय. आजार सेवेमुळेच झाला असं त्यांनी मान्य केलं तर अपंगत्वाची पेन्शन मिळेल. सोबत जोडायची हकीकत मी लिहितो म्हटलं. पाठशाळेत घोटलेला कर्मणि प्रयोग सरकारी कागदात फार कामाला येतो. तिथे कुणी काही केलेलं नसतं, सगळं आपोआप झालेलं असतं.

मला थोडा कोरडा खोकला आहे. धूळ असेल.

१५ एप्रिल
हकीकत लिहायला बसलो. दिनानाथराव खुलले होते. नळ्यांचं जुनं वेष्टण उचकटताना त्याचे पांढरे गोळे करून पोरं एकमेकांना मारायची. बॉयलर-रूममध्ये बर्फ पडायचा म्हणाले. सुटीवर निघताना तेच माखलेले कपडे पिशवीत कोंबायचे.

मग सहज बोलून गेले. उमा ते कपडे भिजवण्याआधी या अंगणात झटकायची, इतक्या जोरात की शेजारची कुंदा ओरडायची, अगं, कपडे झटकतेस की नवऱ्याला?

माझा पेन थांबला. उमाबाईंना काय झालं होतं, विचारलं. खोकला, म्हणाले, कोरडा. मग धाप. अगदी माझ्यासारखी—

ते अंगणातल्या दोरीकडे वळले. म्हणाले, म्हणजे मीच आणलं घरात.

अर्जात बायकोच्या आजाराला रकाना नाही. मी हकीकतीच्या शेवटी एक वाक्य लिहिलं: पत्नी उमा हीदेखील याच धुळीने गेली.

दुपारभर अंगण शांत होतं. कपड्यांवर एक तंतू नाही.

१७ एप्रिल
दिनानाथराव म्हणतात, ते वाक्य खोडा. बोटीने मला मारलं हे सही करून सांगेन. मी तिला मारलं याखाली सही कशी करू? मी म्हटलं, तुम्हाला काय ठाऊक होतं? ते उठून आत गेले. संध्याकाळी चहाला हाक आली नाही. खोलीत बसून भांड्यांचे आवाज ऐकत राहिलो.

१८ एप्रिल
खोडलं.
नवा स्वच्छ कागद केला, त्यात उमाबाई नाहीत. दिनानाथरावांनी सही केली आणि चहा ठेवला. साखर फार. मी दोन कप प्यायलो. एका चहासाठी मी—

१९ एप्रिल, सकाळ
शर्टांच्या घड्या घातल्यात. घड्यांमध्ये पांढरं. उशीवर पांढरं. कौसाबाई दारातूनच परत गेल्या. म्हणाल्या, उमावैनी रागावल्यात, भाऊ. काय केलंत तुमी?

दुपार
आवाज अंगणात नाही. खोलीत आहे.
दाराला कडी. दोरी इथून दिसते, रिकामी.
फट्.
माझा शर्ट हवेत. बाह्या ताणलेल्या, जणू कुणी दोन्ही हातांनी— उन्हाच्या पट्ट्यात तंतू उतरताहेत. सावकाश. तोंड झाकलं. उपयोग नाही.

श्वास पुरत नाही. अर्धाच येतो.

भिंतीपलीकडून दिनानाथराव विचारताहेत, कपडे कोण झटकतंय? त्यांनाही ऐकू—
फट्.
खोकताहेत. रडताहेत. म्हणताहेत, हा झटका तिचाच, मी ओळखतो. लिहा. पत्रकारमहाराज, लिहा तिचं नाव, मी सही करतो, माझ्या हाताने गेली असं लिहा—

लिहितो. उमाबाई, थांबा. लिहितोय ना. कागद पांढरा झालाय, अक्षर दिसत नाही— पुसतो, परत पडतं— झटकू नका, बाई, एवढं एक नाव—

पत्नी, कै. उमा दिनाना