बंद रानातली निळी टोपी

ब्योर्कनेस, गुरुवार, ९ सप्टेंबर १९९३

प्रिय तोरे,

कसा आहेस? इथे सगळं ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, बटाटे बरे आले, शेजाऱ्यांची मांजर यंदाही आमच्याच व्हरांड्यात व्यायली. झाली खुशाली. तू उत्तर पाठवणाऱ्यातला नाहीस हे मला ठाऊक आहे, पण शेवटी एक प्रश्न आहे, तेवढ्याचं उत्तर मात्र हवं.

क्लबने यंदा नवशिके माझ्या गळ्यात मारलेत. शेजारच्या क्लबची शर्यत पुढच्या शनिवार-रविवारी आहे, आणि ती नेमकी तुझ्या रेवबेर्गच्या रानात, तुझ्या अंगणातच म्हण ना. सगळ्या नवशिक्यांत सिक्स्टेन आणि त्याची बायको मायब्रिट यांनी मला भंडावून सोडलंय. सिक्स्टेन म्हणजे तोच दातांचा डॉक्टर, ज्याने तुझी अक्कलदाढ काढली होती. निवृत्त झाल्यावर माणसाने मासे धरावेत की नाही? तर याला आता हातात नकाशा नि होकायंत्र घेऊन रानातल्या झेंड्या शोधायच्यात.

"होकायंत्राची लाल सुई उत्तर दाखवते, एवढं लक्षात ठेव," मी सांगते.

"पण मला उत्तरेला जायचंच नाहीये!" तो म्हणतो.

"अरे, नकाशा उलटा धरलायस तू," मायब्रिट ओरडते.

"नकाशा बरोबर आहे. मी उलटा उभा आहे."

आयुष्यभर लोकांचे दात उपटले या माणसाने. कुठल्या बाजूचे, देव जाणे.

शाळेमागच्या टेकडीवर नेऊन मी त्यांना शिकवते. रेषा दाटीने आल्या की चढ आहे समजा. दलदल दिसली की कडेकडेने जा, बूट गेला तर क्लब भरून देणार नाही. आणि सगळ्यात मोठा धडा म्हणजे, हरवलात तर पळत सुटू नका. थांबा. जिथपर्यंत खात्री होती ती शेवटची जागा आठवा आणि तिथे परत जा.

परवा मायब्रिट विचारते, "रेवबेर्गवर लिंगनबेरी लालभडक झाल्यात म्हणे. जाऊन घेऊन येऊ का?"

मी किंचाळलेच. "शर्यतीत नाव दिलंयस ना? मग त्या रानात पाऊल टाकायचं नाही! वसंतात रान धावणाऱ्यांना बंद झालं, ते शर्यत होईपर्यंत बंद. आधी बघून ठेवलं तर ती लबाडी."

"तिथे पहारा कोण देतं?"

"कुणी नाही."

"मग कुणाला कळणार?"

"तुला कळेल ना!"

शेवटी बेरी तिने बाजारातून आणल्या.

इल्वा बरी आहे. तुझी लेक माझ्याकडे राहते म्हणून तिच्या खाण्यापिण्याची काळजी करू नकोस, घोड्यासारखी खाते. जिल्ह्याच्या तरुण संघाची निवड याच शर्यतीतून होणार आहे. पोरगी हिवाळ्यापासून डोक्याला दिवा बांधून बर्फात पळतेय, ती याचसाठी. या वेळी निवड झाली नाही तर वय निघून जाईल, पुढच्या वर्षी ती मोठ्यांच्या गटात जाईल. म्हणून तिला झोप नाही, आणि तिच्यामुळे मला नाही.

तर प्रश्न असा. काल बुधवारी दुपारी तू घरी होतास का? सहज विचारते.

सहज नाही. खोटं कशाला लिहू? काल मी दुकानातून परत येत होते. हमरस्त्यावर जिथे तुम्हा रानातल्या लोकांच्या टपालपेट्या ओळीने उभ्या आहेत, तिथे झाडीतून इल्वा बाहेर आली. गुडघ्यापर्यंत चिंब भिजलेली, केसांत शेवाळ. माझी गाडी दिसताच पेट्यांच्या मागे उकिडवी बसली. एवढी उंच पोरगी, लपते कुठली! मी गाडी थांबवायला हवी होती. नाही थांबवली. का, ते विचारू नकोस, मलाच कळत नाहीये.

घरी आल्यावर मी म्हटलं, "गाण्याचा क्लास कसा झाला?"

"छान झाला, आत्या."

रात्रभर माझ्या डोक्याचा भुगा झाला. ती तुला भेटायला आली असेल तर बिघडलं काहीच नाही. शर्यतीचा प्रमुख रुने (तोच, मोठ्या कानांचा) मनाने चांगला आहे. बापाच्या घरी जायला गाडीरस्त्याने जाते म्हणाली असती तर त्याने नाही म्हटलं नसतं. पण तिने त्याला विचारलेलं नाही. आणि ती रस्त्याने नाही, झाडीतून आली. मग काय, ती जागा बघून ठेवायला गेली होती? आपली इल्वा? छे! पण मग लपली का? तिला विचारायला धीर होत नाही. तिकडे येऊन तुला विचारावं तर म्हाताऱ्यांच्या गटात माझंही नाव आहे. मलाही ते रान बंद. वसंताच्या आधी का आले नाही, ते आता राहू दे.

ती तुझ्याकडे आली होती का? एका ओळीत कळव.

तुझी,
गुनवोर


ब्योर्कनेस, मंगळवार, १४ सप्टेंबर

तोरे,

काल तुझं कार्ड आलं. चक्क उत्तर! पोस्टमनसमोर मी नाचायचीच बाकी होते. "इल्वा बुधवारी माझ्याकडे होती. बसून कॉफी प्यायलो. रस्त्याने आली, रस्त्याने गेली. निळ्या टोपीत छान दिसते. काळजी नको." माझा जीव भांड्यात पडला. वाटलं, आता हे कार्ड रुनेला दाखवायचं, तो थोडा कुरकुर करेल, की विषय संपला.

रात्री जेवताना मी ते मोठ्या ऐटीत वाचून दाखवलं. म्हटलं, "बघ, उगाच लपलीस. मला सगळं कळलंय."

इल्वाने काटा खाली ठेवला.

"कॉफी?" ती म्हणाली. "आत्या, त्यांनी दार कुठे उघडलं?"

आणि मग जे काही बाहेर आलं, ते मी तुला जसंच्या तसं लिहिते, कारण मला एकटीला ते पेलत नाही. ती रस्त्याने आली, एवढं तुझं खरं. शर्यतीत तिची धाव बघायला ये, एवढंच तिला सांगायचं होतं. तुझ्या धुराड्यातून धूर येत होता. आत रेडिओ लागला होता, बोटींसाठी हवामान सांगत होते. तिने दार वाजवलं आणि रेडिओ बंद झाला.

"तेवढ्यावरून मला कळलं बाबा आत आहेत ते," ती म्हणाली. "रेडिओ चालू राहिला असता ना, तर म्हटलं असतं, झोपलेत, ऐकू आलं नसेल."

पायरीवर ती पुष्कळ वेळ बसली. मग उठली, आणि रडतच सरळ रानात घुसली, कारण रस्त्यावर कुणी भेटलं असतं तर तोंड दाखवायची तिला लाज वाटली. दलदल तुडवली, कड्याखालून आली, तुमच्या ओढ्यात पडली. "आत्या, मी ते सगळं बघितलं. डोळे मिटून थोडीच आले मी?"

मी म्हटलं, "मग काय झालं? बाबाने लिहून दिलंय ना, रस्त्याने गेलीस म्हणून."

हे मी म्हटलं, तोरे. मीच. मायब्रिटवर किंचाळणारी मी! पोरीचं हिवाळ्यापासूनचं पळणं डोळ्यांसमोर आलं आणि जीभ सैल सुटली. ती माझ्याकडे अशी बघत राहिली, की मी उठून उगाच भांडी घासायला लागले.

आता मला सांग, मी काय समजू? तू तिला दाराबाहेर बसवून ठेवलंस. आणि तूच तिला वाचवायला खोटं लिहिलंस. असा कसा रे तू? आनिका तुला सोडून गोथेनबर्गला गेली तेव्हा तू रडला नाहीस. लाकूड गिरणी बंद पडली तेव्हा म्हणालास, "जरा वर जाऊन राहतो, ताई, बटाटे काढायला खाली येतो." ते बटाटे काढले, खाल्ले, पुन्हा लावले, पुन्हा काढले. तुझ्या बाबतीत माझी शेवटची खात्रीची जागा तीच, तू गाडीत स्टोव्ह ठेवत होतास ती. तिथे मी मनाने पुन्हा पुन्हा जाऊन येते आणि तिथून पुढे वाटच दिसत नाही. तू रागावलायस का? आजारी आहेस? नोकरी गेली म्हणून पोरीला तोंड दाखवत नाहीस? अरे, तिला तुझी नोकरी नको होती, दार उघडायला हवं होतं!

एक गोष्ट मात्र इल्वाच्याच लक्षात आली, माझ्या नाही. मी भांडी घासत होते आणि ती कार्ड हातात घेऊन बसली होती. एकदम म्हणाली, "तू पत्रात टोपीचं लिहिलं होतंस?"

मी नव्हतं लिहिलं. मी पाहिली तेव्हा तिच्या डोक्यावर टोपीच नव्हती, ओढ्यात भिजली म्हणून तिने ती खिशात कोंबली होती.

म्हणजे तू खिडकीतून बघत होतास.

मी म्हटलं, "आण ते कार्ड इकडे, फाडून टाकते." तर तिने ते छातीशी धरलं. रुनेला दाखवायला देत नाही, मला फाडू देत नाही. आपल्या नकाशाच्या पाकिटात ठेवून दिलंय. रागावलीय की खूश आहे, काही पत्ता लागू देत नाही. मलाही माझं कळत नाहीये. तुझ्या कानाखाली वाजवावी असं वाटतं आणि तुला खीर करून पाठवावी असंही वाटतं.

रुनेला काय सांगायचं ते ती ठरवेल. मी आता तोंड उघडत नाही. एकदा उघडलं ते पुरे झालं.

गुनवोर


ब्योर्कनेस, रविवार, १९ सप्टेंबर, दुपारी

तोरे,

मैदानावर गाडीच्या टपावर कागद ठेवून लिहितेय, अक्षर गोड मानून घे.

इल्वा धावली नाही. शुक्रवारी संध्याकाळी ती स्वतः रुनेकडे गेली. मी गाडीतच बसून होते. रुनेने तिला विचारलं म्हणे, "तुला कुणी पाहिलं होतं का?" ती म्हणाली, "मी पाहिलं ना रान." त्याचे ते मोठे कान लाल झाले. त्याने यादीतून तिचं नाव काढलं, आणि मग विचारलं, "मदतीला येशील का?" झालं. संघात जाणार दुसऱ्याच क्लबची कुणी पोरगी. काल निवड जाहीर झाली तेव्हा इल्वा पाण्याच्या टेबलावर पेले भरत होती. त्या पोरीलाही तिने पाणी दिलं. माझ्याने बघवलं नाही. मी उगाच बुटाची नाडी बांधत बसले.

नवशिक्यांचं ऐक. सिक्स्टेन सगळ्यांत शेवटी आला, पण प्रत्येक झेंडीला टांगलेल्या चिमट्याने शर्यतीच्या कार्डावर भोकं पाडून, म्हणजे एकही झेंडी न चुकवता आला! एकदा हरवला, तर खरंच थांबला म्हणे, दगडावर बसून सँडविच खाल्लं आणि माझा धडा स्वतःलाच म्हणून दाखवला. मायब्रिट त्याच्या बरीच आधी आली होती. "नवऱ्याला रानात सोडून आलीस?" मी विचारलं. "नकाशा त्याच्याकडे पण आहे," ती म्हणाली. मग तो येईपर्यंत मात्र कुंपणापासून हलली नाही.

मी स्वतः कशी धावले ते विचारू नकोस. एक झेंडी तुझ्या झऱ्यापाशी होती, लाकडाच्या खोपीमागे. तिथे पोचले आणि थांबलेच. धुराड्यातून धूर येत होता. खिडकीचा पडदा हलला की वाऱ्याने हलल्यासारखा वाटला, मला नाही कळलं. दोन दिवस तुझ्या अंगणातून ही सगळी माणसं धापा टाकत गेली. त्या सगळ्यांत तू निळी टोपी शोधलीस का रे? शोधली असशील तर ती का आली नाही, हे तुला आता कळलं.

शेवटचा धावणारा आला की रान उघडतं. रुने झेंड्या काढायला माणसं वाटून देत होता, तर इल्वा पुढे झाली. "रेवबेर्गच्या बाजूच्या मी आणते. झऱ्यापाशी आहे ती सगळ्यांत शेवटी." मी कागद काढला.

या पाकिटावर तिकीट नाही. टपालपेटीत टाकायचं नाही, असं मी तिला बजावलंय. दाराच्या फटीतून सरकवायचं नाही, पायरीवर ठेवायचं नाही. दार उघडलं तरी लगेच द्यायचं नाही. आधी आत जाऊन बसायचं आणि कॉफी झाल्यावर द्यायचं. "आणि नाहीच उघडलं तर?" तिने विचारलं. मी म्हटलं, "तर परत घेऊन ये, बाई." दुसरं काय सांगणार होते? ती टोपी घालून निघायला तयार उभी आहे. पाठीवर झेंड्यांची पिशवी, हातात हे पत्र असेल.

तेव्हा, तू हे वाचतोयस म्हणजे कॉफी झाली. तुझ्या कार्डावर लिहिलं होतंस ते आता खरं झालं.

तिला अंधारात रानातून पाठवू नकोस. रस्त्यापर्यंत सोबत ये. टपालपेट्यांपाशी मी गाडी घेऊन उभी आहे.

तुझी ताई,
गुनवोर