डाव्या चाकाचा लॉक

१ जुलै २०२५, मंगळवार

पोहोचले एकदाची. श्रीरामपूरहून नगर, नगरहून सुपा, आणि तिथून कंपनीची पिकअप न्यायला आली होती. गाडी पठारावर चढली आणि चहूकडे पवनचक्क्याच पवनचक्क्या. इतक्या जवळून पाती फिरताना कधी पाहिली नव्हती. कोणीतरी वर बसून सावकाश चादरी झटकतंय, तसा आवाज येतो.

माझ्या खोलीच्या दारावर ‘वाहन देखभाल’ अशी पाटीही लागली आहे. सहा गाड्या, एक शेड, एक पिंप डिझेल. साइटचे प्रमुख पार्थ सर माझ्याच वयाचे. बाई मेकॅनिक आपण पहिल्यांदाच पाहतोय, असं त्यांनी सरळ सांगितलं आणि लगेच स्टोअरची किल्ली माझ्या हातात दिली. मला ते आवडलं. मेसच्या सविताताईंनी पिठलं-भाकरी वाढली, ठेचा जरा जास्तच. आईला फोन करून सांगितलं, इथे वारा इतका आहे की धुणं दहा मिनिटांत वाळतं.

पिकअपचे ड्रायव्हर कारभारी काका. पन्नाशीचे, पांढरी टोपी, अंगाने वाळलेले. मी सामान उतरवल्यावर म्हणाले, “फोर-व्हील लागत न्हाई हिचं. साल झालं. तुमी आदी तेवढं बघा, ताई.”

३ जुलै, गुरुवार

आज फोर-व्हीलच्या मागे लागले. डॅशबोर्डवरचं बटण फिरवलं की मीटरवर हिरवा दिवा लागतो, म्हणजे वायरिंग ठीक. फ्यूज पाहिला, कपलर काढून पुसले, ऑइल तपासलं. मग चारही चाकं स्टँडवर उचलली आणि काकांना गिअर टाकायला सांगितलं. खालचा पुढचा शाफ्ट गरगर फिरतोय आणि पुढची चाकं ढिम्म. तेव्हाच लक्षात आलं आणि मला हसू आलं.

या मॉडेलला पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध एक गोल चावी असते. खाली उतरून ती हाताने ‘लॉक’वर फिरवली तरच चाकाला इंजिनची ओढ मिळते. दोन्हींपैकी एक जरी सुटी राहिली, तरी पुढच्या चाकांचं सगळं बळ फुकट जातं. इथे दोन्ही चाव्या चिखलाने थिजलेल्या, ‘फ्री’वर. डिझेल टाकून ब्रशने घासल्या, फिरवल्या. टक्. चारही चाकं फिरली.

काका सगळा वेळ गाडीपाशीच होते, चहाही घेतला नाही. मी त्यांना बोलावून ऐटीत सगळं समजावलं. त्यांची जुनी गाडी हे काम आपोआप करायची. ही नवी आली तेव्हा कोणी सांगितलंच नाही. आरशाजवळ स्टिकर आहे, पण इंग्रजीत.

त्यांनी चावीला बोट लावलं. “ह्ये फिरवायचं आसतंय?”

मी म्हटलं, हो.

“येवढंच?”

“एवढंच. गाडीत काही दोष नव्हताच, काका.”

ते चाकाशेजारी मातीतच बसले. मला वाटलं, ऊन लागलं असावं. पाणी आणून दिलं. रजिस्टरमध्ये लिहिलं: दोष नाही, चाकांचे लॉक लावलेले नव्हते. खाली झोकात सही.

५ जुलै, शनिवार

ती सही फाडून टाकावीशी वाटते आहे.

काका दोन दिवस कामावर आले नाहीत. भाकऱ्या थापता थापता सविताताईंनी सांगितलं. पठाराच्या पलीकडे दरीत उंबरदरा म्हणून सात घरांची वाडी आहे, तिथे काकांचं घर. त्यांची एकुलती एक मुलगी सुकन्या पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आई लहानपणीच गेलेली. गेल्या ऑगस्टमध्ये भर दुपारी तिला कळा सुरू झाल्या. बाजाराचा दिवस, वाडीतला ट्रॅक्टरही तिकडेच गेलेला, घरी एकही बाई नव्हती. ॲम्ब्युलन्स पठारापर्यंत आली, पण चिखलात खाली उतरवता येईना. काकांनी हीच पिकअप काढली, मागे गोधडीवर पोरीला निजवलं, वर ताडपत्री बांधली. वाडीतून पठारावर येणाऱ्या पांढरीच्या चढावर, वळणाशी, गाडी रुतली. काका बटण फिरवत राहिले, हिरवा दिवा लागत राहिला. वरची माणसं स्ट्रेचर घेऊन चिखलातून पोहोचली तोवर सुकन्या आणि बाळ दोघंही गेली होती.

तेव्हापासून येणाऱ्या प्रत्येक मेकॅनिकला काका एकच विचारायचे, फोर-व्हीलमध्ये काय बिघाड आहे. माझ्या आधीच्या दोघांनी त्यांना ‘सापडत नाही’ असं सांगितलं होतं. आता वाटतं, त्यांना सापडलं होतं.

मी मात्र सांगितलं. हसत हसत.

८ जुलै, मंगळवार

काका आले. माझ्याशी नीट बोलले, नेहमीसारखेच, आणि त्यामुळे मला आणखी वाईट वाटलं. माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाले, “तुमची काय चूक? इचारलं मीच.”

दरीपलीकडच्या तीन पवनचक्क्यांचं सामान पोहोचवायचं होतं. मी सोबत गेले. परतताना वाडीपाशी स्वतः उतरून दोन्ही चाव्या लॉक केल्या. पाऊस चार दिवस नाही, चढ कोरडा, नुसता सुटा मुरूम. तरी वळणाशी मागची चाकं जागीच फिरायला लागली आणि पुढची थंड. उतरून पाहिलं. उजवी चावी लॉकवर, डावी फ्रीवर. वाडीतला ट्रॅक्टर आणून गाडी ओढली.

आतली स्प्रिंग झिजली असणार.

१० जुलै, गुरुवार

डाव्या चाकाचा हब, म्हणजे चावीमागचा गोल डबा, पूर्ण खोलला. स्प्रिंग चांगली होती, तरी नवी घातली. चावी लॉक करून वर बारीक तार आवळली. शेडसमोर वीस फेऱ्या मारल्या, जागची हलली नाही.

चढावर, त्याच वळणाशी, पुन्हा तेच. तार तुटलेली नव्हती. पीळ नीट उलगडून ती मडगार्डवर ठेवलेली होती. चाकावरच्या धुळीत चार बोटं उमटली होती, बारीक, माझ्यापेक्षाही लहान. बोटांच्या टोकाशी धूळ ओली होती.

लाज वाटते लिहायला, पण मला काकांचाच संशय आला. मात्र ते सीटवरून उठलेच नव्हते. दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. मी शेजारीच होते.

१४ जुलै, सोमवार

सकाळचे अकरा. लख्ख ऊन. हे मुद्दाम लिहून ठेवते.

वळणाशी गाडी मंदावली तशी मागून खाली बसली, कोणी फळीवर भार देऊन उतरावं तशी. माझ्या बाजूच्या आरशात एक बाई दिसली. पोपटी गाऊन, त्यावर काकांच्या खांद्यावर असतं तसंच चौकड्याचं उपरणं. एक हात पोटाखाली. दुसऱ्या हाताने गाडीचा आधार घेत घेत ती पुढे येत होती. माझ्या खिडकीखालून गेली. चाकापाशी तिला वाकता येईना. पोट आड येत होतं. मग ती गुडघ्यांवर बसली. श्वास ऐकू येत होता, कळ दाबून घ्यावी तसा.

टक्.

आरसा रिकामा. गाडी रुतलेली.

मी काकांकडे पाहिलं. ते समोर बघत होते आणि डोळ्यांतून धार लागली होती.

१५ जुलै

राजीनामा लिहिला. दिला नाही. पार्थ सर पुण्याला गेलेत, आठवडाभर येणार नाहीत.

काकांना विचारलं, ती का छळते? माझा शब्द चुकला. ते रागावले नाहीत.

“छळत न्हाई, ताई. मदत करतीया. तुमी मला चावी दावली, तवा ती मागं हुतीच की. आयकलं तिनं. आता उतरून फिरवती बिचारी. तिला काय ठावं, आपुन आदीच फिरवून आलोय.”

बरोबर आहे त्यांचं. लॉकवर असलेली चावी ती फिरवते, आणि ती सुटते.

१६ जुलै

आज डावी चावी मुद्दाम फ्रीवर ठेवली.

वळण. भार उतरला. मी डोळे मिटून घेतले. खिडकीखालून तोच श्वास. टक्. मग भार परत मागे चढला, फळी करकरली आणि चारही चाकांनी जमीन धरली. गाडी चढली. काका पहिल्यांदाच मोठ्याने रडले, गिअर न सोडता.

पठारावर आल्यावर त्यांनी गाडी थांबवली. मागचा भाग हलका होऊन वर आला. कोणी उतरून गेलं.

२१ जुलै

काका रोज जातात. काम नसलं तरी. दुपारी खाली उतरतात, चढतात, परत उतरतात. काल पाच वेळा. जेवत नाहीत, सविताताईंनी दिलेला डबा तसाच येतो. किल्ली काढून घेतली मी. त्यांनी नुसता हात पुढे केला. तो हात बघवेना, दिली परत.

ती वर येऊन का उतरते, ते त्यांनी आज सांगितलं. वर ॲम्ब्युलन्स उभी आहे, असं तिला माहीत आहे. म्हणून उतरते. बघते तर काही नाही. मग पायी पायी पुन्हा खाली जाते, वळणापर्यंत. तशा अवस्थेत.

“रोज माघारी चालवतोय मी तिला,” म्हणाले.

२४ जुलै

उद्या काका पठारावर थांबणार नाहीत. थेट दवाखान्यात.

मला विचारलं— मागे बसाल का. ती गेली त्या दिवशी मागून केबिनच्या काचेवर ठोकत होती. बराच वेळ. काकांनी मागे जाऊन पाहिलं नाही. बाप आहे, बाळंतपण चाललंय, कसं जायचं— असं वाटलं त्यांना. पुढूनच ओरडत राहिले, निघतीया बाय, निघतीया. मग ठोकणं थांबलं. ती निजली असं ते समजले.

“बाईमाणूस पायजे हुतं तिच्यापाशी. येक तरी.”

मी नाही म्हटलं. मला भीती वाटते. ते म्हणाले, बरं.

२५ जुलै, शुक्रवार

गाडीत लिहिते आहे. वही मांडीवर. लिहीत राहिले तर मान मागे वळणार नाही.

काकांना एकटं सोडवेना, म्हणून पुढे बसले आहे. पुढेच.

वळण गेलं. टक् झालं. चढलो.

पठार. काकांनी गाडी थांबवली नाही. शेड गेली, सविताताई दारात, हात करतात. मागचा भार— आहे. उतरला नाही. काका विचारतात, हाय ना? मी हो म्हणते. न बघता.

डांबरी रस्ता. शाळेची पोरं कडेला सरकली. त्यातली एक मुलगी आमच्या मागे बघतेच आहे. हसू गेलं तिचं.

कण्हणं. वाऱ्याचं नाही.

काचेवर ठोकते आहे. माझ्या डोक्यामागे. काका मोठ्याने म्हणताहेत, आलं बाय, आलं, पोचलोच. गाडी रस्ता सोडते आहे.

ठोकणं मंद होतंय. मला कळतंय ते मंद का होतंय.

काका, थांबवा, म्हटलं. थांबवली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. टोपी काढून तोंडावर धरली.

उतरून मागे आले. वही फळीवर टेकून— अक्षर नीट येत नाही. ताडपत्रीखाली हलतंय. गोधडी ओली. भीती वाटते आहे. जाते तरी. सुकन्या, मी आले, म्हटलं. पंकजा. तुझ्या बाबांच्या कामावरची.

ताडपत्रीतून हात आला. थंड नाही. कढत. किती लहान मुलगी आहे ही— माझा हात धरलाय तिने, घट्ट, सोडत नाही, दुसऱ्या हाताने लिहिते— ती म्हणते, ताई, बाळाला आदी घ्या—