नकाराचे एकोणीस प्रकार

३ तारीख, सकाळ
जुन्या कॉम्प्युटरांचा संग्रह करणाऱ्या एका गृहस्थांचा फोन. माझा 'होकार' सापडला! पस्तीस वर्षांपूर्वी पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये असिस्टंट असताना लिहिलेला गेम. चित्रं नाहीत, नुसता मजकूर. रोमन अक्षरांत मराठी हुकूम टाइप करायचे, 'पूर्वेला जा', 'चिठ्ठी दे', आणि लायब्ररीतल्या मुलीचा होकार मिळवायचा. चोवीसला प्रदर्शन. प्रमुख पाहुणा मीच.
बायकोला सांगितलं. म्हणाली, "बरं." भारावली असावी.
संकल्प: भाषण पाठ करणे.

६ तारीख
संग्राहकांचा पुन्हा फोन. आठ जण तीन दिवस खेळतायत, होकार कुणालाच मिळत नाही. युक्ती काय? म्हटलं, कलावंत गुपितं फोडत नसतो.
आठवत नाहीये.

७ तारीख
गेम ई-मेलवर मागवला. स्वतः खेळलो. 'चिठ्ठी दे.' उत्तर आलं: 'तिने चिठ्ठी वाचली. शुद्धलेखनाच्या दोन चुका दुरुस्त करून परत दिली.' मग 'बोल'. 'तुझ्या तोंडाला कोरड पडली आहे.' 'पाणी पी'. 'लायब्ररीत पाणी चालत नाही.'
सात वेळा हरलो. गेम भलताच अवघड लिहिलाय. ऊर भरून आला.

९ तारीख
हिनं मागे उभं राहून स्क्रीनवरचं वाचलं. विचारलं, ही डावखुरी, पेन्सिल चावणारी मुलगी कोण? म्हटलं, अगं तूच की. म्हणाली, मी उजव्या हातानं लिहिते आणि पेन्सिल जन्मात चावलेली नाही. म्हटलं, कल्पनाशक्ती. "हो का," म्हणाली आणि कपडे वाळत घालायला गेली.
वेळ छान मारून नेली.

१२ तारीख
सगळा प्रोग्रॅम छापून काढला. चौदा पानं. ओळ न् ओळ वाचली. नकार एकोणीस प्रकारचे. होकार नाही. शेवटी माझीच टीप: 'इथे तिचं उत्तर. तिला विचारल्यावर लिहिणे.'
विचारायचं राहिलं. आधी परीक्षा होत्या, मग लायब्ररीला रंग देत होते, मग तिचं शिक्षणच संपलं. निव्वळ टेक्निकल कारणं.
संकल्प: होकार आता लिहायचा. दोन दिवसांचं काम.

१७ तारीख
पाच दिवस झाले. 'ती म्हणाली' इथपर्यंत तयार आहे.
अनुभवी माणसाचा सल्ला घ्यावा म्हणून हिला विचारलं, लग्नाला हो म्हणालीस तेव्हा नेमके शब्द काय होते? भाजी चिरता चिरता म्हणाली, "मी कुठे म्हणाले? बाबा म्हणाले. मला कुणी विचारलंच नाही. तुम्हीसुद्धा."
आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

१८ तारीख
आज विचारायचंच. पण हिला सर्दी झालीय. शिंकांच्या मध्ये असले विषय बरे नव्हेत.

१९ तारीख
सर्दी बरी. प्लंबर आला. दिवस गेला.

२१ तारीख
ही बहिणीशी चाळीस मिनिटं फोनवर. मी दारात उभा. फोन बाजूला धरून म्हणाली, काय हवंय? म्हटलं, चष्मा. चष्मा डोळ्यांवरच होता.

२४ तारीख, संध्याकाळ
प्रदर्शन. संग्राहकांनी ओळख करून दिली, "नकाराचे एकोणीस प्रकार लिहिणारे!" लोक हसले, टाळ्याही पडल्या. भाषणात ठणकावून सांगितलं की होकार मुद्दामच ठेवला नाही; आयुष्य असंच असतं. हिच्याकडे बघायचं टाळलं.
नंतर ही रांगेत उभी राहून खेळली. हरली. म्हणाली, "हा नुसता तिच्या मागे मागे फिरतो. तिला काय वाटतं ते विचारतच नाही."
तोंडून निसटलं, "तुला तेव्हा विचारलं असतं, तर?"
ही कीबोर्डवरचे हात न उचलता माझ्याकडे बघत राहिली. मागचे लोक घाई करत होते.
"विचार करून सांगते," म्हणाली.
बसमध्ये हिनं खिडकी घेतली.

२५ तारीख
विचार चालू असावा. घाई करणार नाही. दाढी केली.

२८ तारीख
जेवताना दोनदा माझ्याकडे बघितलं. एकदा मीठ मागायला. दुसऱ्यांदा का, ते कळलं नाही.

३० तारीख
चहाच्या वेळी धीर करून विचारलं, झाला का गं विचार?
"कसला?"
म्हटलं, काही नाही.